दुआ, पाऊल आणि हजेरी

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला, शाळेत किंवा बाजारात माणसे मेली, की तिथले पुढारी एक ठरलेले वाक्य बोलतात. आमची सहवेदना आणि आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत, असे ते वाक्य. इतक्या वेळा ते बोलले गेले आहे, की आता ज्यांची मुले गेली ते आईबापच ते ऐकून चिडतात. प्रार्थना पुरे झाल्या, आता काहीतरी करा, असे ते तोंडावर सांगतात.

धर्म मानणाऱ्या माणसाच्या कानाला हे जरा टोचते. दुआ ही आपल्या घरातली रोजची गोष्ट आहे. पण नीट ऐकले तर हा राग दुआवर नाही, दुआ करून हात झटकण्यावर आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काय सांगितले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा.

मग बंदुकीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे नेमके काय करणे? या महिन्यात आम्ही वाचकांना अमेरिकेतल्या दोन शहरांत घेऊन जाणार आहोत, बोस्टन आणि शिकागो. एका ठिकाणी चर्चच्या पाद्र्यांनी हा प्रश्न हातात घेतला, दुसऱ्या ठिकाणी मुसलमानांच्या एका संस्थेने. दोघांच्या कामात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी आकडा पाहून घेऊ

२०१७ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य लोकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या. त्या वर्षी देशाची लोकसंख्या होती साधारण साडेबत्तीस कोटी, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०२१ या एका वर्षात तिथे ४८,८३० माणसे गोळीने मेली. त्यांपैकी २६ हजारांहून अधिक लोकांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. खून झालेले सुमारे २१ हजार.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या येतात. त्या भयंकरच असतात, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा लहान आहे. बहुतेक खून गरीब वस्त्यांमध्ये, एकेकटे, रात्रीच्या वेळी होतात. मरणारा बहुधा तरुण असतो, आणि मारणाराही त्याच्याच वयाचा, पुष्कळदा त्याच गल्लीतला असतो. या मरणांची बातमी समुद्र ओलांडून येत नाही. बोस्टनची गोष्ट अशाच वस्त्यांची आहे.

दिवे बंद असलेले चर्च

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या शहरांत क्रॅक कोकेन हे स्वस्त नशेचे द्रव्य पसरले. विकायला चौदा-पंधरा वर्षांची पोरे लागली, आणि विक्रीच्या जागेसाठी त्यांच्या हाती पिस्तुले आली. एकाच्या हाती आले म्हणून भीतीने दुसऱ्याने घेतले. १९९० मध्ये बोस्टनमध्ये १५२ खून झाले. मध्यम आकाराच्या त्या शहराने असे वर्ष कधी पाहिले नव्हते.

पोलिसांवर काळ्या वस्त्यांचा विश्वास उरलेला नव्हता. १९८९ मध्ये एका गोऱ्या माणसाने आपल्या गरोदर बायकोचा खून केला आणि एका काळ्या माणसाने गोळी झाडली असे खोटेच सांगितले. पोलिसांनी ते खरे मानले. मिशन हिल या वस्तीत दिसेल त्या काळ्या तरुणाला थांबवून झडत्या घेतल्या गेल्या. पुढे सत्य बाहेर आले, पण अपमान राहिला. गोळी कोणी झाडली हे गल्लीला माहीत असायचे, तरी पोलिसांना सांगायला कोणी पुढे येत नसे.

या काळात वस्तीतली चर्चेस काय करत होती? दर रविवारी भरत होती. जेफ्री ब्राऊन नावाचे एक तरुण पाद्री नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये होते. हिंसाचाराविरुद्ध त्यांची प्रवचने दिवसेंदिवस कडक होत गेली, पण गोळ्या थांबल्या नाहीत. मग एका रात्री त्यांच्या चर्चपासून थोड्याच अंतरावर एका तरुणाचा खून झाला. कारण काय, तर त्याच्या अंगातले चामड्याचे जाकीट. जखमी अवस्थेत तो चर्चच्या दिशेने येत होता आणि वाटेतच पडला. ब्राऊन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की तो पायऱ्यांपर्यंत पोहोचला असता तरी काही उपयोग नव्हता. चर्चचे दिवे बंद होते आणि आत कोणी नव्हते.

दुसरे पाद्री यूजीन रिव्हर्स. ते डॉर्चेस्टर भागातल्या फोर कॉर्नर्स या बदनाम वस्तीत बायको-मुलांसह राहायला गेले होते. त्यांच्या घरावर गोळीबारही झाला, तरी ते हलले नाहीत. तिथल्या एका नशा विकणाऱ्याने त्यांना ऐकवलेली गोष्ट अमेरिकेत फार गाजली. तिचा आशय असा, की शाळा सुटल्यावर पोरगा दुकानात जातो, आईसाठी पाव आणायला निघतो, रात्री घरी परततो, तेव्हा दर वेळी मी तिथे उभा असतो आणि तुम्ही नसता. म्हणून पोरगा माझा होतो.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या गोष्टीला आम्ही आमच्या शब्दात नाव देतो. नशा विकणाऱ्याची हजेरी पूर्ण होती आणि धर्म सांगणाऱ्यांची गैरहजेरी लागत होती. मुलगा कोणाचे ऐकेल हे पुष्कळदा यावरच ठरते.

रात्री दहा ते दोन

मे १९९२ मध्ये मॅटापॅन भागातल्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये गोळीने मेलेल्या एका तरुणाचा अंत्यविधी चालू होता. त्या विधीतच टोळीची पोरे आत घुसली. शोक करायला आलेल्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी एका मुलाला चाकूने भोसकले. आतापर्यंत भांडण रस्त्यावर होते, आता ते मृताच्या पेटीपर्यंत आले. चर्चला बाहेर जायचे नव्हते, म्हणून रस्ता चर्चमध्ये आला, असे काही पाद्र्यांना त्या दिवशी वाटले.

त्याच वर्षी टेन पॉइंट कोअलिशन ही आघाडी उभी राहिली. ब्राऊन आणि रिव्हर्स यांच्याबरोबर रे हॅमंड हे पेशाने डॉक्टर असलेले पाद्रीही तिच्यात होते. कामाचे दहा मुद्दे कागदावर लिहिले गेले, म्हणून हे नाव. पण खरे काम कागदावर झाले नाही. शुक्रवारी रात्री दहा वाजता हे लोक एकत्र जमायचे आणि दोन वाजेपर्यंत सर्वांत धोक्याच्या गल्ल्यांतून पायी फिरायचे. हत्यार नाही, पोलीस सोबत नाहीत.

पहिले काही आठवडे कोणी त्यांच्याशी बोलले नाही. पोरे लांबून पाहत राहायची. ही माणसे पुढच्या आठवड्यात येतात का, की फोटो काढून निघून जातात, हे त्यांना पाहायचे होते. माणसे येत राहिली. थंडीत आली, पावसात आली. मग हळूहळू बोलणे सुरू झाले.

त्या बोलण्यात पाद्र्यांनी एक गोष्ट स्वतःला शिकवली, प्रवचन न देणे. या वस्तीत काय चालले आहे आणि काय करता येईल, हे त्यांनी पोरांनाच विचारायला सुरुवात केली. उत्तरे ऐकून त्यांना धक्का बसला. वर्तमानपत्रांत ज्यांना निर्दय जनावरे म्हटले जात होते, त्यांतली बरीच पोरे भेदरलेली होती. पिस्तूल त्यांनी शौकापेक्षा भीतीने घेतले होते. बाहेर पडायचे होते, वाट दिसत नव्हती.

इथे आपल्या घरातल्या मोठ्यांनी जरा थांबून विचार करावा. बिघडत चाललेल्या मुलाला आपण शेवटचे विचारले कधी, आणि ऐकवले किती वेळा?

थोडीच पोरे, आणि त्यांची नावे

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातले डेव्हिड केनेडी आणि त्यांचे सहकारी पोलिसांबरोबर बसून एकेका खुनाची नोंद तपासत होते. त्यांच्या हाती आलेली माहिती सगळ्यांनाच विचार करायला लावणारी होती. शहरात ६१ टोळ्या होत्या आणि त्यांत जास्तीत जास्त १,३०० पोरे. त्यांच्या वयाच्या शहरातल्या एकूण मुलांत हे प्रमाण जेमतेम एक टक्का भरत होते. पण तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के खुनांशी या टोळ्यांचा संबंध होता.

म्हणजे अख्खी वस्ती बिघडलेली नव्हती. शंभरातल्या नव्याण्णव मुलांवर उगाच शिक्का बसत होता. आणि जो एक उरतो त्याचे नाव, घर, आई, आजी हे सगळे गल्लीतल्या लोकांना माहीत होते.

यातून १९९६ मध्ये ऑपरेशन सीजफायर सुरू झाले. टोळीतल्या पोरांना बैठकीला बोलावले जाई. समोर तीन प्रकारची माणसे बसत. पोलीस व सरकारी वकील सांगत, की यापुढे तुमच्या टोळीतल्या एकाने जरी खून केला तरी कायद्याचा जोर सगळ्या टोळीवर येईल. समाजसेवक सांगत, की ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला शिक्षण, काम, उपचार यांसाठी मदत मिळेल. आणि तिसरे वस्तीतले लोक आणि पाद्री. तुम्ही आमची मुले आहात, तुमचे दफन करायची आमची इच्छा नाही, तुम्ही जगायला हवे आहात, हे त्यांचे म्हणणे. मागणी एकच होती, गोळीबार थांबवा.

पहिल्या दोघांचे बोलणे कोणत्याही सरकारला जमते. तिसरे बोलणे मात्र ज्याने रात्री दोन वाजता त्या पोराबरोबर कोपऱ्यावर उभे राहून दिवस काढले, त्याच्याच तोंडी खरे वाटते.

पोलीस आणि पाद्री यांच्यातही एक समजूत तयार झाली. जो मुलगा सुधारू शकतो त्याच्यासाठी पाद्री पोलिसांकडे आणि न्यायालयात रदबदली करत. जो कोणाचेच ऐकत नाही आणि वस्तीला वेठीला धरतो, त्याला वाचवायला ते जात नसत. आणि पोलिसांनी पुन्हा मिशन हिलसारखा जुलूम केला, तर हेच पाद्री उघडपणे विरोधात उभे राहत. दोन्ही बाजूंना खरे सांगणारा माणूस दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो. त्यांनीही खाल्ल्या.

परिणाम काय झाला? १९९५ च्या मध्यापासून १९९७ च्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच वर्षे, बोस्टनमध्ये सतरा वर्षांखालचे एकही मूल गोळीने मेले नाही. १५२ खुनांचा आकडा १९९९ मध्ये ३१ वर आला. लोक याला बोस्टनचा चमत्कार म्हणू लागले. यात पाद्र्यांचा वाटा किती, पोलिसांचा किती, आणि त्या काळात अमेरिकेत सगळीकडेच गुन्हे कमी होत होते त्याचा किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहेत. आम्हाला एवढेच दिसते, की यातला कोणताही एक गट एकटा हे करू शकला नसता.

चमत्कार म्हटल्याने नुकसानही झाले. झाले, जिंकलो, असे वाटून लोक पांगले. पुढाऱ्यांत मतभेद झाले, माणसे बदलली, २००० नंतर सीजफायरचे काम जवळजवळ थांबले. २००५ पर्यंत खुनांचा आकडा पुन्हा सत्तरच्या वर गेला. रस्त्यावर नवी पोरे आली होती, त्यांना जुन्या पाद्र्यांची ओळख नव्हती. २००७ मध्ये ते काम पुन्हा उभे करावे लागले. २०२४ मध्ये त्या शहरात २४ खून झाले, कित्येक दशकांतला सर्वांत कमी आकडा. शाळेतली हजेरी काल लावली म्हणून आज चालत नाही, रोज लावावी लागते. या कामाचेही तसेच आहे.

शिकागोतले मुसलमान

आता शिकागोला जाऊ. शहराच्या नैर्ऋत्येला मार्केट पार्क हा भाग आहे. ५ ऑगस्ट १९६६ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे घरांच्या हक्कासाठी मोर्चा घेऊन गेले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने दगडफेक केली आणि एक दगड डॉ. किंग यांच्या डोक्याला लागला. पुढे गोरे लोक तो भाग सोडून गेले. काळे आणि मेक्सिकोकडून आलेले लोक तिथे राहू लागले. बँकांनी आणि मोठ्या दुकानांनीही पाठ फिरवली. मग कोपऱ्यावरची छोटी दुकाने उरली, आणि त्यांतली पुष्कळ दुकाने अरब मुसलमानांची होती.

काळ्या वस्तीतल्या अनेकांनी पाहिलेला पहिला मुसलमान म्हणजे जाड काचेच्या मागे बसून दारू, सिगारेट आणि निकृष्ट खाणे विकणारा दुकानदार. राहायला तो दुसरीकडे, जुम्याच्या नमाजेला आणि मुलांच्या मदरशाला पैसे देणारा, पण कमाई इथली. ज्या कोपऱ्यावर नशा विकली जायची, टोळक्यांची भांडणे व्हायची आणि गोळी चालायची, तो कोपरा पुष्कळदा याच दुकानासमोरचा.

१९९७ मध्ये इनर-सिटी मुस्लिम अ‍ॅक्शन नेटवर्क, थोडक्यात इमान, ही संस्था याच भागात औपचारिकपणे उभी राहिली. तिचे संस्थापक रामी नशाशिबी हे मूळ पॅलेस्टिनी घराण्यातले. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले, की इतरांना उपदेश करण्याआधी आपल्याच माणसांशी बोलले पाहिजे. त्यांनी दुकानदारांना विचारले, की जे आपल्या घरात चालत नाही ते दुसऱ्याच्या वस्तीत विकून बरकत कशी येईल? ताजी भाजी-फळे ठेवा, गिऱ्हाइकाशी अदबीने बोला, वस्तीशी नाते जोडा, अशी मोहीम त्यांनी चालवली. काही दुकानदारांनी ऐकले, काहींनी नाही. हा आपल्या कौमशी घातलेला वाद होता आणि तो सोपा नव्हता.

मग मोफत दवाखाना सुरू झाला, सर्वांसाठी. आणि तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांसाठी ग्रीन रीएंट्री हे काम सुरू झाले. कर्ज फेडता न आल्यामुळे जप्त होऊन ओस पडलेली घरे वस्तीत शेकड्यांनी होती. अशी घरे म्हणजे नशेचे आणि टोळ्यांचे अड्डे. सुटून आलेल्या तरुणांना सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी शिकवायची आणि त्यांच्याच हातून ही घरे दुरुस्त करून राहण्याजोगी करायची, अशी ही योजना. शिकणारा मुसलमान असलाच पाहिजे अशी अट नाही.

दवाखाना, सुतारकाम, भाजी, यात बंदूक कुठे आली, असे कोणी विचारेल. तुरुंगातून सुटलेल्या तरुणाचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. गुन्ह्याची नोंद पाहून कोणी काम देत नाही, घरात भाडे थकलेले असते, आणि जुने दोस्त कोपऱ्यावर वाट पाहत असतात. त्या दिवसांत सकाळी सात वाजता त्याला कोणी कामावर बोलावले, तर रात्री तो कोपऱ्यावर नसतो. हातात रंधा असताना पिस्तूल धरता येत नाही. ओस घर पुन्हा वसले की एक अड्डाही कमी होतो.

२०१६ मध्ये, त्या मोर्चाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, इमानने मार्केट पार्कमध्ये डॉ. किंग यांचे स्मारक उभे केले. २०२२ मध्ये गोळीबारासाठी कुप्रसिद्ध असलेल्या एंगलवूड भागात तिने ताज्या अन्नधान्याचा बाजार सुरू केला. शिकागो यामुळे शांत झाले असे नाही. २०२१ मध्ये त्या शहरात खुनांचा आकडा ८०० च्या घरात होता. पण ज्या वस्तीत मुसलमान म्हणजे काचेमागचा माणूस होता, तिथे आज सुतारकाम शिकवणारा, औषध देणारा, जनाज्याला खांदा देणारा माणूस हीही मुसलमानाची ओळख आहे.

कायद्याचा दरवाजा

रस्त्यावरचे काम कितीही केले तरी दुकानात बंदूक सहज मिळत असेल, तर ते गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखे होते. हे मशिदींना स्वतःच्या रक्ताने कळले आहे. २९ जानेवारी २०१७ रोजी कॅनडातल्या क्यूबेक शहराच्या मशिदीत इशाच्या नमाजेनंतर एकाने सहा नमाजींना ठार मारले. सतरा मुले पोरकी झाली. मारणाऱ्याकडे बंदुकीचा परवाना होता. त्यानंतर त्या मशिदीचे कारभारी, विधवा आणि चाकाच्या खुर्चीला खिळलेले जखमी वर्षानुवर्षे सरकारचा दरवाजा ठोठावत राहिले. बदला मागायला ते गेले नाहीत, बंदुकांवर बंधने मागायला गेले. त्यांच्यासोबत इतर हल्ल्यांतली कुटुंबेही होती. ऑक्टोबर २०२२ पासून कॅनडात पिस्तुलांची नवी खरेदी-विक्री गोठवली गेली.

न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला होऊन ५१ जण शहीद झाले. तिथल्या संसदेने महिन्याच्या आत एकाविरुद्ध ११९ मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली आणि सरकारने ५० हजारांहून अधिक बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. अमेरिकेत हे अजून झालेले नाही. तिथे मात्र एका मेनोनाइट ख्रिस्ती तरुणाने वेगळे काम सुरू केले. २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस चिमुकली मुले मारली गेली, त्यानंतर तो लोकांकडून नकोशा बंदुका घेऊन भट्टीत तापवू लागला. त्यांची कुदळी-फावडी होतात. ज्यांची मुले गोळीने गेली, त्या आया येऊन हातोड्याचे घाव घालतात. त्याच्या संस्थेचे नाव रॉ टूल्स. इंग्रजीत युद्धाला वॉर म्हणतात, ती अक्षरे उलटी वाचली की रॉ होते.

राहिली घरातली बंदूक. वर सांगितले, की अमेरिकेतल्या गोळीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. निराशेची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, पण त्या वेळी हाताशी पिस्तूल असले की परतायला वाट राहत नाही. म्हणून तिथले डॉक्टर आणि धर्मोपदेशक घराघरांत सांगतात, की बंदूक कुलपात ठेवा, काडतुसे वेगळी ठेवा, आणि घरात कोणी खचलेला असेल तर काही दिवस ती घराबाहेरच ठेवा. आपल्याला यात नवे काही वाटू नये. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना टोके मुठीत धरावीत, नंगी तलवार कोणाच्या हाती देऊ नये, गमतीनेही भावावर हत्यार रोखू नये, ही शिकवण प्रेषितांनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी दिली आहे. हत्यार चुकूनही कोणाला लागू नये, याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर आहे.

आपल्या कोपऱ्यावर

आपल्या देशात परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना सहज मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेसारखी वेळ आपल्यावर आलेली नाही, अल्लाहचे आभार. पण तलवारीने वाढदिवसाचा केक कापणारी पोरे आपण मोबाईलवर पाहतो. पुण्याच्या बातम्यांत कोयता हा शब्द आता नवा राहिलेला नाही. त्यांत सगळ्या समाजांची पोरे असतात, आणि आपली नसतात असे म्हणायला जागा नाही.

नववी-दहावीत एखादा मुलगा शाळेत यायचा बंद होतो. काही दिवसांनी पटावरून त्याचे नाव कमी होते. पण कोपऱ्यावरचा कोणी भाई लगेच त्याला आपल्या पटावर घेतो, पोटभर खाऊ घालतो, गाडी चालवायला देतो. त्याची हजेरी रोज लागते. तो मुलगा गेल्या जुम्याला मशिदीत दिसला नाही, हे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात येते का?

बोस्टनच्या पाद्र्यांनी पहिल्या दिवशी काही मोठे केले नाही. जमातीतल्या चार-पाच समजूतदार माणसांनी ठरवले तर आपल्याकडेही सुरुवात होऊ शकते. इशानंतर तासभर मोहल्ल्यात फिरावे. कोपऱ्यावरच्या पोरांना सलाम करावा, नाव विचारावे, आणि पहिले काही आठवडे फक्त ऐकावे. मशिदीच्या आवारात जागा असेल तर रात्री दहापर्यंत दिवा चालू ठेवून अभ्यासिका चालवावी. काही ठिकाणी अशा अभ्यासिका चालतातही. ज्याच्याकडे गॅरेज, फर्निचरचे किंवा वायरिंगचे काम आहे, त्याने शाळा सोडलेला एक मुलगा हाताखाली घ्यावा. तुरुंगातून सुटून आलेल्याला सलामाचे उत्तर द्यावे, निदान तोंड फिरवू नये. आणि भगिनींना आमची विनंती आहे, की शेजारच्या घरातला मुलगा बिघडतोय हे कळल्यावर त्याची चर्चा करण्याआधी त्याच्या अम्मीजवळ जाऊन बसा. लाजेमुळे ती एकटी पडलेली असते, आणि एकट्या पडलेल्या आईच्या हातून मुलगा लवकर सुटतो.

एक जीव वाचवणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपण कार्यक्रमांच्या फलकांवर लिहितो. तो एक जीव कोणता, त्याचे नाव काय, तो सध्या कोणत्या कोपऱ्यावर उभा आहे, हे आपल्या मोहल्ल्यापुरते तरी आपल्याला माहीत असायला हवे. अल्लाह आपल्या मुलांची हिफाजत करो, आणि त्या हिफाजतीच्या कामात आपली हजेरी कबूल करो. आमीन.